जुरांदीरची पावडर कुणाच्या अंगी लागली

आरोग्य केंद्रातल्या वजनकाट्यावर जुरांदीर चढला तेव्हा काटा असा काही थरथरला की डॉक्टर एलेनिसींनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"उतरा," त्या म्हणाल्या. "आकडा सांगत नाही, उगाच वाईट वाटेल. पण रक्तदाब वाढलाय, गुडघे कुरकुरतायत. असल्या तब्येतीत तो पितळी ट्यूबा गळ्यात अडकवून चर्चचा चढ चढायचा नाही, सांगून ठेवते."

मिसरूड फुटल्यापासून जुरांदीर गावच्या बँडमध्ये ट्यूबा, म्हणजे भलामोठा कर्णा, वाजवत होता. त्याच्या आधी तोच ट्यूबा त्याच्या बापाने वाजवला होता. अशक्य नवसांना पावणाऱ्या सांता रिताच्या सणाला नदीकाठापासून टेकडीवरच्या चर्चपर्यंत मिरवणूक निघे आणि बँड वाजवत वाजवतच चढे. ज्याला चढ झेपला नाही तो बँडमधून गेला, इतका साधा हिशेब होता.

"सणाच्या आत सहा किलो उतरवा, मग चिठ्ठी देते," डॉक्टर म्हणाल्या. "पण उपाशी राहून नाही हं. चरबी जायला हवी, मांस नाही. प्रथिनं खा. अंडी, घेवडा, कोंबडी. अगदीच जमलं नाही तर ती डब्यातली पावडर घ्या."

त्याच्यामागून त्याच्या सासूबाई, दोना ओतीलिया, आत आल्या. डॉक्टरांनी त्यांचा दंड दाबून पाहिला आणि सुस्कारा सोडला. "आजी, तुमची गोष्ट अगदी उलटी. अंगावर मांसच उरलं नाही. प्रथिनं तुम्हालाही हवीत."

"या वयात आणखी काय कोंबायचं बाई? चिमणीएवढं तर पोट माझं," सासूबाई म्हणाल्या. गेली दोन वर्षं त्यांनी मिरवणूक खिडकीतूनच पाहिली होती. पायात जोरच राहिला नव्हता. त्यांना धरून घरी नेताना हे हाडांचं गाठोडं दर खेपेला हलकं लागतंय, हे जुरांदीरला जाणवे आणि तो विषय बदलत असे.

डॉक्टरांच्या सल्ल्यातला एकच शब्द त्याने घरी आणला, तो म्हणजे पावडर. अंडी आणि घेवडा तो जन्मापासून खात होता. जे खाऊन पोट सुटलं तेच खाऊन ते आत कसं जाणार? त्याची मुलगी रोझानी शहरात नोकरी करायची आणि व्यायामशाळेत जायची. तिने लगोलग एक भला थोरला काळा डबा धाडला. त्यावर एका उघड्या माणसाचं चित्र होतं आणि त्या माणसाच्या पोटावर लादीपावासारखे चौकोन उठले होते.

आता या घराची, किंबहुना त्या अख्ख्या गल्लीची, एक रीत होती. डब्यावर लिहिलेलं डब्यात कधीच नसायचं. आइस्क्रीमच्या डब्यात शिजवलेला घेवडा, बिस्किटांच्या डब्यात सुईदोरा, लोण्याच्या डब्यात लसणाचं मीठ. फ्रीजरमध्ये आइस्क्रीमचा डबा दिसला म्हणून तिथलं शेंबडं पोरसुद्धा हुरळून जात नसे. अशा रीतीत केस पिकलेल्या जुरांदीरने आयुष्यात पहिल्यांदा एका डब्यावर विश्वास ठेवला.

आठवडाभर सगळं सुरळीत चाललं. मग सासूबाईंच्या मँडिओकाच्या पिठाला मुंग्या लागल्या. साबुदाण्याच्या जातीचं हे पांढरंशुभ्र पीठ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. त्याच्याशिवाय चीजचे गोल पाव होत नाहीत आणि त्या पावांशिवाय त्यांचा शनिवार होत नसे. त्यांची नजर त्या काळ्या डब्यावर गेली. घट्ट झाकण, रुंद तोंड, आख्खा हात आत जातो. त्यांनी आतली पावडर नीट दुसऱ्या डब्यात काढली, कारण अन्न टाकणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या, आणि आपलं पीठ त्यात भरलं.

"डबा बदललाय गं मी," त्यांनी लेकीला सांगितलंसुद्धा. पण नेउझा, म्हणजे जुरांदीरची बायको, तेव्हा फुटबॉलची मॅच बघत होती. "हो हो," ती म्हणाली आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून जुरांदीर रोज तीन वेळा मँडिओकाचं पीठ पिऊ लागला. चव बदलल्यासारखी वाटली, पण औषध म्हटलं की गोडवा कशाला हवा? पिऊन झालं की अंग जड व्हायचं, डोळे मिटायचे. "पावडर काम करतेय," असं म्हणून तो आडवा व्हायचा.

एका गारठ्याच्या सकाळी त्याने दूध तापवून त्यात पावडर टाकली आणि बघता बघता भांड्यात खळ झाली. चमचा मध्ये उभा केला तो उभाच राहिला.

"जुरा, हे प्यायचं की भिंतीला कागद चिकटवायचे?" नेउझाने विचारलं.

"तुला काय कळतंय! स्नायू असेच बांधले जातात," जुरांदीर म्हणाला आणि चमच्याने कापून कापून त्याने ते सगळं गिळलं.

पुढच्या तपासणीला तो छाती काढूनच काट्यावर चढला. डॉक्टरांनी आकडा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"दोन किलो वाढलात."

"स्नायू असतील," तो क्षीण आवाजात म्हणाला.

"स्नायू बेंबीभोवती वाढत नाहीत."

तो डोकं धरून कोपऱ्यात बसला. तेवढ्यात सासूबाईंची पाळी झाली आणि डॉक्टर एकदम उद्गारल्या, "आजी! दंड भरलाय की! काय खाताय काय?"

"कुठं काय? रात्रीची मक्याची लापशी, नेहमीचीच. दुधाची पावडर जरा सढळ घालते हल्ली. या खेपेची फार छान आलीय, व्हॅनिलाचा वास येतो."

हे ऐकायला जुरांदीर शुद्धीवर होता कुठे! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशातली गत.

घरी चौकशी बसली. "कुठं खातोस चोरून?" नेउझाने कमरेवर हात ठेवले.

"सांता रिताची शपथ, कुठ्ठंच नाही!"

"तिला मध्ये ओढू नकोस. अशक्य कामं तिच्याकडे आधीच पुष्कळ तुंबलीत."

नेउझाने बेकरीवाल्याला उलटसुलट विचारलं, जुरांदीरच्या अंगरख्याचे खिसे उलटे केले, झोपेत त्याच्या तोंडाचा वास घेतला. बँडमास्तर आबीलिओ येऊन गंभीरपणे खांद्यावर हात ठेवून गेले. "मनाला लावून घेऊ नकोस. पण वाल्देसीरला तुझा बँडचा कोट घालून बघायला सांगितलाय." वाल्देसीर ट्यूबा फुंकायचा तेव्हा बैलगाडीचं चाक चिखलातून निघतंय असं वाटे. त्या रात्री जुरांदीर बापाच्या ट्यूबाला चिंधीने पुसत बसला. त्याला खरंच रडू येत होतं.

शनिवारी बँडची तालीम त्याच्याच ओसरीवर होती आणि ज्याच्या घरी तालीम त्याच्याकडे कॉफी आणि चीजचे पाव, हे ठरलेलंच. सासूबाईंनी आत स्वयंपाकघरात परात घेतली, चीज किसलं, अंडी फोडली आणि काळा डबा ओढून ओंजळीओंजळीने पीठ ओतायला लागल्या.

"आई!" नेउझा किंचाळली. "अगं, ती जुराची पावडर! रोझानीने पाठवलेली!"

"कसली पावडर? माझं पीठ आहे हे."

"पीठ? मग पावडर कुठंय?"

"दुधाची पावडर दुधाच्या डब्यात. आणखी कुठं ठेवतात?"

हे ओसरीवर सगळ्यांना ऐकू गेलं. मग कॉर्नेटवाला असा हसत सुटला की त्याला खांबाला धरून उभं करावं लागलं. झांजवाल्याने झांजा वाजवल्या. लालबुंद झालेला जुरांदीर तरातरा आत गेला आणि फळीवरचा दुधाचा डबा उघडून पाहिला. तळाशी चार चमचे पावडर उरली होती. तो सासूबाईंपुढे उभा राहिला आणि ओरडायला त्याने तोंड उघडलं.

ते उघडंच राहिलं. सासूबाईंनी पिठाने भरलेली ती जडशीळ परात एका हाताने कमरेवर तोलली होती आणि दुसऱ्या हाताने त्या त्याच्यावर लाकडी डाव रोखून उभ्या होत्या. मागच्या सणाला याच बाईला कॉफीचा कप दोन हातांनी धरावा लागत होता.

"आई," तो हळूच म्हणाला, "कोंबड्यांना दाणे कोण घालतं हल्ली?"

"मी. का रे?"

"आणि खालच्या नळावरून पाणी?"

"मीच आणते. तू तर ते पीठ ढोसून घोरत पडलेला असतोस."

जुरांदीरची आई तो लहान असतानाच गेली होती. या घरात लग्न करून आला तेव्हापासून ओतीलियांनी त्याला जावई म्हणून कधी वाढलंच नाही, पोटचा पोर म्हणूनच त्याचं ताट भरलं. हे पोट काय आभाळातून पडलं होतं? म्हातारी हातची जाईल ही वर्षभर मनाच्या कोपऱ्यात दडपून ठेवलेली भीती एकाएकी उतरली आणि रागाचं पार पाणी झालं. त्याने दुधाच्या डब्याचं झाकण लावलं आणि तो फळीवर पुन्हा जागच्या जागी ठेवला.

"उरलेली तुमचीच. संपली की रोझानीला आणखी धाडायला सांगतो," तो म्हणाला.

"आणि तुझा ट्यूबा?" बँडमास्तरांनी दारातून विचारलं.

"त्याचं मी बघते," सासूबाई म्हणाल्या. "अरे, प्रथिनं हवी होती तर मला सांगायचंस! मला वाटलं, तू वजन वाढवायला पितोयस."

दुसऱ्या दिवसापासून त्याचं ताट त्यांच्या ताब्यात गेलं. डॉक्टरांनी सांगितलेलंच सगळं त्यात होतं. सकाळी अंडी, दुपारी वाडगाभर घेवडा आणि नखाएवढा भात, संध्याकाळी कुंपणावरचा ओरा-प्रो-नोबिसचा पाला घालून केलेली कोंबडी. पाव फक्त शनिवारी आणि तोही एकच. शिवाय रोज सकाळी सासूबाईंना फिरायला जायची हुक्की आली. म्हातारीला एकटी कशी सोडायची म्हणून नेउझाने जुरांदीरला सोबत पिटाळलं. चढावर कोण कुणाच्या सोबतीला आलंय, हे बघणाऱ्यांना कळत नसे. सासूबाई वळणावर थांबून हाक मारत, "येतोयस ना रे?"

सणाच्या आदल्या दिवशी काट्याने पहिल्या वजनातून पाच किलो उतरल्याचं दाखवलं.

"एक किलो कमी पडतोय," डॉक्टर म्हणाल्या.

"ट्यूबात साचलेली थुंकी झटकली की भरून निघेल," सासूबाई दारातून म्हणाल्या. डॉक्टर हसल्या, नाडी पुन्हा पाहिली आणि मध्ये दोनदा थांबायच्या बोलीवर चिठ्ठी दिली.

मिरवणूक निघाली. जुरांदीर वाजवत चढला, बोलीप्रमाणे दोनदा थांबला, पुन्हा वाजवत चढला. फटाके, घंटा, फुलं, कशाकडेच त्याचं लक्ष नव्हतं. चर्चच्या दाराशी म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या असत आणि त्यांतली एक ओतीलियांची म्हणून गेली दोन वर्षं रिकामी राहत होती. वर पोचताच त्याने आधी ती पाहिली. आजही ती रिकामीच होती. गर्दीत पडल्या की काय? इतका चढ त्यांना चढू द्यायलाच नको होता!

कुणीतरी त्याची बाही ओढली. सासूबाई हातात गुलाब घेऊन उभ्या होत्या. कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"बस त्या खुर्चीवर."

"अहो, ती तुमची आहे!"

"मला काय झालंय? दम तुला लागलाय. बस म्हणते ना."

तो मुकाट्याने बसला. बँडमास्तरांनी हात उंचावला. सांता रिताचे आभार सगळं गाव मानत होतं, त्यानेही मानले. पण पहिले सूर त्याने मनोमन खुर्चीच्या पाठीला टेकून उभ्या असलेल्या आपल्या म्हातारीसाठी लावले, आणि नेमके तेच चुकले, कारण गळा भरून आल्यावर ट्यूबा वाजत नाही.