आराखड्यातला शेजार

पायीबुवांनी मॉडेलमधली घरं चिकटवली नाहीत, तिथेच माशी शिंकली.

पायीबुवा म्हणजे नगररचना खात्यातले आराखडेवाले. शहराच्या मधोमध पडून असलेल्या मोकळ्या जागेवर खाली दुकानं, वर घरं, मधे झाडं आणि सगळीकडे पायी जाता येईल अशी वस्ती हवी, असं ते भेटेल त्याला ऐकवत, म्हणून ऑफिसनं हे नाव ठेवलं. स्वतः मात्र ते शहराच्या पार बाहेर राहत. गाडीतून जाता-येता नाकी नऊ येत. बायकोशी बोलणं काय, तर सकाळी "डबा घेतलात का?" आणि रात्री "आलात का?" बस्स. या वस्तीत खात्याच्या लोकांसाठी थोडी घरं राखून ठेवली होती आणि पायीबुवांचा नंबर अगदी लागण्यासारखा होता. दुपारी चालत घरी जावं, तिच्यासमोर बसून गरम जेवावं, याची त्यांना फार फार ओढ होती.

मंजुरी तेवढी समितीकडून यायची होती. लोकांनी हात लावला की आराखडा त्यांना आपला वाटतो, असं पायीबुवांचं मत. म्हणून पुठ्ठ्याची घरं त्यांनी नुसती मांडून ठेवली.

हात सगळ्यांनीच लावला.

बैठकीला समितीचे अध्यक्ष उशिरा आले, घाम पुसत. गाडी लावायला जागा मिळेना म्हणून ते तीन गल्ल्या फिरले होते.

"कल्पना झकास आहे," ते म्हणाले. "पण इथे चालायला यायचं, तर गाडी कुठे लावायची?"

"साहेब, इथे राहणाऱ्याला गाडी लागणारच नाही."

"त्याचं सोडा हो. मी माझं विचारतोय." आणि कोपऱ्यावरची दोन घरं उचलून त्यांनी बाजूला ठेवली.

समितीवरच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना तिथे यायचा होता. "माझ्याकडे गुडघेदुखीवाले येतात," त्या म्हणाल्या. "त्यांना कसलं चालायला लावताय?" घरांची एक अख्खी रांग उठली.

मग दुकानदारांचे पुढारी सरसावले. "गिऱ्हाईक गाडीतून उतरलं की थेट दुकानात शिरलं पाहिजे."

"पण गिऱ्हाईक दुकानाच्या वरच राहणार आहे," पायीबुवा काकुळतीला आले.

"वरचं कुठे पळून जातंय? मला लांबचं हवंय."

एवढ्या गाड्या येणार म्हटल्यावर रस्ता रुंद करणं आलं. रस्ता रुंद झाल्यावर झाडं जाणं आलं. असल्या रस्त्यावर माणसं चालली तर चिरडतील, असं डॉक्टरीणबाईंच्या लक्षात आलं, तेव्हा चालायची वाट पार्किंगच्या गच्चीवर नेऊन ठेवली. वर हवाही चांगली, असं अध्यक्ष म्हणाले.

"आणि घरं?" पायीबुवांनी विचारलं.

"बघू की पुढच्या टप्प्यात." अध्यक्षांनी त्यांची पाठ थोपटली. "तुमचं काम झालं बघा. एकमतानं मंजूर."

उठवलेली घरं पिशवीत भरून पायीबुवा घरी आले.

"आलात का? झालं का मंजूर?" बायकोनं विचारलं.

"एकमतानं."

"मग तोंड का पडलंय असं?"

त्यांनी पिशवी जेवणाच्या टेबलावर रिकामी केली. तिला काय ते कळलं. ताटं सरकवून ती एकेक घर मांडू लागली. इतकी वर्षं ऐकून ऐकून सगळी वस्ती तिला पाठ होती. बाकच काय, पाण्याचा नळ कुठे हेसुद्धा तिला ठाऊक होतं.

"बेकरीच्या वरचं हे आपलं ना? आणि हे तुमचं ऑफिस." तिनं पाण्याचा तांब्या ठेवला आणि तांब्यापासून घरापर्यंत दोन बोटं टुकूटुकू चालवत आणली. "आलात? बसा, वाढते."

आणि ती हसली. आपली बायको किती छान हसते, हे बघायला पायीबुवांना कित्येक वर्षांत सवडच झाली नव्हती. आत्ता या क्षणी ते तिथे राहायला जायला तयार होते.

"पण अहो," ती मधेच थांबली, "आईकडे जायचं तर गाडी लागणारच. ती कुठे लावायची?"

पायीबुवांनी हळूच आपल्या घराला लागून असलेलं घर उचललं आणि पिशवीत टाकलं.

"इथे."

ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली.

"शेजार असता तर बरं झालं असतं, नाही?" ती म्हणाली आणि वाढायला उठली.