आपल्याकडचं काहीतरी

लोरेटा फ्रीझनला मुख्याध्यापिका होऊन अकरा आठवडे झाले होते आणि त्यातले दहा आठवडे तिला धड झोप नव्हती. शाळेत शिक्षक नऊ. नऊही जण आपापल्या वर्गाचं दार लावून शिकवत. शेजारच्या वर्गात काय चालतं, हे कुणी कुणाला विचारत नसे. शिक्षकांनी एकमेकांकडून शिकलं पाहिजे, असं लोरेटानं मुलाखतीत ठासून सांगितलं होतं आणि त्यावरच तिची निवड झाली होती. आता ते कितपत जमलंय, हे पाहायला शिक्षणाधिकारी मॅक्लिन गुरुवारी विनिपेगहून येणार होते.

प्रत्येकानं वर्गातली एक अडचण मांडावी, बाकीच्यांनी वाट सुचवावी, असा तिचा बेत. पण ‘अडचण’ म्हटलं की माणसं बिचकतात. म्हणून तिनं स्टाफरूममध्ये कागद लावला: ‘गुरुवारी साडेतीन वाजता. प्रत्येकानं आपल्याकडचं काहीतरी आणावं. सगळ्यांत वाटून घेऊ.’

बुधवारी पाहते तर नऊच्या नऊ नावं. लोरेटाला भरून आलं. सातवीच्या एब डिकनं नावापुढे लिहिलं होतं, ‘बटाटे’. विज्ञानाचा प्रयोग फसत असणार बिचाऱ्याचा. पाचवीच्या हेल्गानं, ‘पेरोगी, चार डझन’. उकडलेल्या करंज्यांवरून गुणाकाराची तोंडी उदाहरणं दिसतात. सहावीच्या कोरिननं, ‘अपूर्णांक’. ‘हिरवी जेली’पाशी ती जरा अडखळली, पण चित्रकलेच्या सरांचं काही सांगता येत नाही, अशी तिनं मनाची समजूत घातली.

गुरुवारी मॅक्लिनना घेऊन तिनं स्टाफरूमचं दार उघडलं, तर परतलेल्या कांद्याचा घमघमाट.

“मॅडम, प्लेटा कमी पडतायत,” एब म्हणाला.

लोरेटानं टेबलावरची पातेली पाहिली. “हे काय आहे?”

“तुम्हीच लिहिलंत की, वाटून घेऊ म्हणून.”

“सभा कुठे आहे?” मॅक्लिननी विचारलं.

“हीच,” लोरेटा म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही.

कोपऱ्यात कोरिन मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन अंग चोरून बसली होती. “मी खायचं काही नाही आणलं,” ती पुटपुटली.

“अपूर्णांक म्हणजे मला वाटलं, अर्धा केक आणणार,” हेल्गा म्हणाली.

मॅक्लिननी प्लेट ठेवायला जागा शोधली, ती नेमकी त्या गठ्ठ्यावर. वरच्या वहीवर रस्सा सांडला. पुसायला त्यांनी वही उघडली आणि पुसता पुसता वाचू लागले. अर्धा अधिक एक तृतीयांश, उत्तर दोन पंचमांश.

“बावीसपैकी सतरा जणांचं हेच उत्तर आहे,” कोरिन म्हणाली. “सहा आठवडे शिकवतेय.”

लोरेटाला आपली नोकरी डोळ्यांसमोरून जाताना दिसली.

“माझ्याकडे सातवीतपण हेच करतात,” एब हळूच म्हणाला. “मला वाटायचं, माझंच शिकवणं बिघडलंय.”

“म्हणजे ते माझ्याकडूनच तसे वर येतात,” हेल्गा म्हणाली. तिनं पातेलं पुढे ओढलं आणि पेरोगी मोजून ताटात मांडल्या. “डझनाच्या अर्ध्या, सहा. डझनाचा तिसरा हिस्सा, चार. झाल्या दहा. आता या पोरांच्या उत्तरानं डझनाचे दोन पंचमांश.”

“पाचसुद्धा नाहीत,” एब म्हणाला. “सहामध्ये चार घातल्या आणि पाचसुद्धा उरल्या नाहीत. कुणी खाल्ल्या?”

सगळ्यांनी मॅक्लिनकडे पाहिलं. त्यांचं तोंड भरलेलं होतं.

कोरिनला हसू फुटलं. मग कुणी खडू शोधला, कुणी वह्या वाटल्या. तास दीड तास गलका चालला. उद्या एब आणि हेल्गानं कोरिनच्या तासाला बसायचं ठरलं.

निघताना मॅक्लिन म्हणाले, “असं मी कुठल्याच शाळेत पाहिलं नाही. जेवणाची कल्पना कशी सुचली तुम्हाला?”

काहीतरी सांगून मोकळं होता आलं असतं. पण लोरेटानं भिंतीवरचा आपला कागद काढून त्यांच्या हातात दिला. “सुचली नाही,” ती म्हणाली. “मला सभा घेता येत नाही. साधी सूचना धड लिहिता येत नाही. आल्यापासून मी नुसती घाबरलेली आहे.”

मग एबनं तिच्यासाठी खुर्ची ओढली.

“बसा मॅडम. एवढं होतं तर आधी नाही का सांगायचं?”

नऊ खुर्च्या तिच्याभोवती सरकल्या आणि नऊही जण एकदमच तिला शिकवू लागले. मॅक्लिननी कोट काढून ठेवला आणि दहावी खुर्ची ओढली. लोरेटानं घड्याळाकडे पाहिलं; सहाच्या आत यातून सुटका होईल, असं काही दिसत नव्हतं.