तिसरी हाक

चार वाजले तरी वाचनालयात मांडलेल्या चारही खाटा रिकाम्याच होत्या. ग्रंथपाल वानखडे काका पुस्तकांच्या कपाटाआड असे उभे होते, जणू त्यांनीच कुणाचं तरी पुस्तक लंपास केलं होतं.

रक्तदान शिबिर त्यांच्या नातीसाठी होतं. आठ वर्षांच्या अपेक्षाला सिकलसेल हा रक्ताचा आजार. परवा तिला रक्त चढवायचं होतं आणि रक्तपेढीत खडखडाट. "वीस जण जमवा काका, आम्ही गाडी घेऊन बाभुळगावला येतो," डॉक्टर सुरभी म्हणाल्या होत्या. पण दारोदार जाणं काकांना जमेना. उभ्या जन्मात त्यांनी कुणी नेलेलं पुस्तकसुद्धा परत मागितलं नव्हतं. शेवटी पुस्तकं बुडवणाऱ्यांचीच यादी त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरवली आणि रक्तदात्यांची म्हणून देऊन टाकली. त्यातले बरेच वारले होते. पण गेलेल्या माणसाच्या नावावर रेघ ओढायला काकांचा हात कधी धजला नव्हता.

"नेमसिंग राठोड!" रक्तपेढीचा अमर भोंग्यावर ओरडला.

नेमसिंग समोरच्याच टपरीवर होता. "मले शुगर हाय," पेढा तोंडात टाकत तो म्हणाला.

"कौसल्या राऊत!"

"रक्त देल्लं त कापूस कोन वेचीन? तू?" रस्त्यानं जाता जाता कौसल्या म्हणाली.

अमरनं सुस्कारा सोडून पुढचं नाव घेतलं. "मारोतराव ढोले!"

टपरीवरचे चहाचे कप जागच्या जागी थांबले. मारोतरावांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

"मारोतराव ढोले!"

गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं : गेलेल्या माणसाला तीन हाका गेल्या आणि घरातल्या कुणी 'ओ' दिली नाही, तर तो स्वतःच 'ओ' द्यायला येतो. मारोतरावांची बायको बेबीताई सोलायला घेतलेल्या तुरीच्या शेंगा फेकून धावत आली.

"थांब रे बाबा! तिसरी हाक नोको मारू! मी आली त्यायच्या बदली!"

"असं बदली चालत नाही, आजी."

"आजी कोनाले म्हनतं? पन्नासची हाय मी. टोच!"

डॉक्टरांनी तपासून फॉर्मवर तिचंच नाव लिहिलं. भोंगा पुढे चालला. ज्या घरांतून जिवंत माणूस स्वतःसाठी हलत नव्हता, तिथून मेलेल्यांसाठी दोन-दोन जण पळत येऊ लागले. बापाचं नाव ऐकताच नेमसिंगही आला.

"आणि शुगर?" अमरनं विचारलं.

"ते मघाशी होती. तू घे भाऊ लवकर. बुढा लय मुश्किलीनं गेला, वापस नाई पायजे."

एकोणीस पिशव्या झाल्या. बाहेर अंधारून आलं. यादीत शेवटचंच नाव उरलं.

"देवसिंग पवार!"

कुणीच हललं नाही. देवसिंग सडाफटिंग, बारा वर्षांपूर्वी नक्षत्रांवरचं एक जाड पुस्तक घेऊन गेला आणि महिन्याभरात वारला. त्याच्यासाठी 'ओ' देणारं मागे कुणी नव्हतं.

"देवसिंग पवार!"

रस्त्यावरची कुत्री एकदम गप्प झाली. काका भूतबीत मानत नव्हते. त्यांच्या घरात तीन पिढ्यांत कुणी मानलं नव्हतं. ते घाबरायचे फक्त सुईला. पण सुई टोचताना अपेक्षा त्यांचंच बोट धरायची, आणि रडायची नाही.

अमरनं भोंगा तोंडाशी नेऊन तिसरी हाक मारली.

"ओ!" काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की स्वतःच दचकले. सत्तावन्न वर्षांचा तो जीव खाटेवर आडवा झाला आणि त्यानं डोळे घट्ट मिटले.

"झालं काका, सुई कधीच निघाली," बऱ्याच वेळानं डॉक्टर सुरभी म्हणाल्या. "वीस!"

गाडी गेली. बिस्कीट चघळत काका कुलूप लावायला वळले, आणि बिस्कीट घशातच अडकलं. टेबलावर नक्षत्रांचं जाड पुस्तक होतं. आतल्या कार्डावर देवसिंगचं नाव. बारा वर्षांनी आलेल्या पुस्तकावर धुळीचा कण नव्हता.

काकांनी नोंदवहीत 'जमा' लिहिलं. मग सवयीनं, अगदी हळू, विचारलं, "दुसरं… न्यायचं का?"

कपाटामागे एक पान उलटलं.

काकांनी धावत बाहेर येऊन कुलूप घातलं. दिवा मात्र तसाच राहू दिला. वाचणाऱ्याला अंधारात बसवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.