लिफ्ट सोमवारपासून

"जिना उतरायचा म्हणजे गुडघ्यांची परवानगी काढायची. आणि गुडघे कधीचेच रजेवर!" सासूबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या.

सोमवारी सकाळी लिफ्ट बंद पडली होती. घर पाचव्या मजल्यावर. शनिवारी दहाला सासूबाईंच्या मोतिबिंदूचं ऑपरेशन. तारीख मिळायला चार महिने लागले होते. हुकली की पुन्हा चार महिने धुकं.

"आई, काळजीच सोडा. दहा मिनिटांत कंपनीला पत्र लिहिते. तेही इंग्रजीत!"

सूनबाई इमारतीची सेक्रेटरी. इंग्रजी ती आपली आपण शिकली होती, रद्दीतल्या एका व्याकरणाच्या पुस्तकावरून. त्यातले सगळे स्वाध्याय तिने सोडवले होते. उत्तरांची पानं फाटलेली असल्यामुळे एकही चुकला नव्हता.

"फोनच कर ना त्यापेक्षा," सासूबाई म्हणाल्या. "नंबर लिफ्टच्या दारावरच आहे."

"फोन?" सूनबाई एकदम पेनाचं टोपण शोधायला लागली. "फोनवरचं बोलणं म्हणजे पाण्यावरची रेघ, आई. लेखी हवं."

इमारतीचं पत्र तीन सह्यांशिवाय जात नसे. सेक्रेटरीची एक, दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त हेडक्लार्क काकांची एक, कारण ते अध्यक्ष, आणि तळमजल्यावरच्या औषधवाल्यांची एक, कारण ते खजिनदार. नुसतं वाचून सही ठोकणं हा मात्र कमीपणा. आधी काहीतरी दुरुस्त करायचं, मग सही.

सूनबाईने लिहिलं, लिफ्ट 'हॅज बीन' बंद, 'सिन्स मंडे'. काकांनी मंगळवारी चष्मा लावला.

"सेक्रेटरीबाई, कुठला मंडे? कंपनीला काय कळणार? दिवस मोजून लिहा. 'फॉर वन डे'."

तिने नवं पत्र लिहिलं. ते औषधवाल्यांकडे पोचेपर्यंत बुधवार उजाडला.

"वहिनी, हे तर शिळं झालं! आज दोन दिवस झाले. आणि हे 'कंप्लेन अबाउट' काय? आमच्याकडे पेशंट 'कंप्लेन ऑफ' करतो. 'ऑफ' स्टमक, 'ऑफ' हेडेक."

"अहो, लिफ्टला पोट नसतं!" काका जिन्यावरूनच ओरडले. "तक्रार 'अगेन्स्ट' असते! चौतीस वर्षं मी हेच लिहिलंय."

गुरुवारी 'अगेन्स्ट' आलं, पण दिवस तीन झाले होते. शुक्रवारी तीनाचे चार करताना 'हॅज'चं 'हॅव' झालं, आणि ते बरोबर की चूक यावर दुकानात एवढी जुंपली की खोकल्याचं औषध न्यायला आलेला माणूस खोकायचं विसरला. पत्र म्हणजे लहान मूल झालं होतं. रोज एका दिवसाने मोठं होत होतं आणि घराबाहेर काही पडत नव्हतं!

शनिवारी नऊला सासूबाईंना हात असलेल्या खुर्चीत बसवलं. पुढे त्यांचा मुलगा आणि औषधवाले, मागे काका आणि सूनबाई.

"सांभाळून रे, मी काही कपाट नाहीये," सासूबाई म्हणाल्या.

तिसऱ्या मजल्यावर सगळ्यांच्या छातीचा भाता झाला. खुर्ची टेकवली ती नेमकी लिफ्टच्या दारापुढे.

"आज पाच दिवस झाले," काका धापा टाकत म्हणाले. "म्हणजे पत्र पुन्हा..."

"पुरे!" सासूबाईंनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. "मला धड दिसत नाही, तरी दारावर नंबर आहे एवढं मला ठाऊक आहे. तुम्हा डोळसांपैकी एकालाही फोन का करवला नाही?"

काका छताकडे बघायला लागले. औषधवाले बूट न्याहाळायला लागले. सूनबाईने सासूकडे बघितलं. केस नीट विंचरलेले, मांडीवर डॉक्टरांचा कागद, आणि भलतीकडेच रोखलेली नजर. तिला एकदम भरून आलं.

"आई, सोमवारीच केला होता. तिकडून बाई इंग्रजीत बोलली, भरभर. मला एक अक्षर कळलं नाही. मी घाबरून ठेवून दिला."



"लाव इकडे," सासूबाईंनी हात पुढे केला. पलीकडून इंग्रजीचा नळ सुटला. सासूबाईंनी तो संपू दिला.

"झालं? आता ऐक बाळ. आमची लिफ्ट बंद आहे. माणूस पाठव."

"हो आजी, पत्ता सांगा ना," पलीकडचा आवाज म्हणाला. "तासाभरात येईल."

सासूबाईंनी पत्ता सांगितला, फोन परत दिला आणि पदर सावरला. "उचला आता. नऊ वीस झाले असतील."

चौघांनी खुर्ची उचलली. पहिल्या मजल्यावर औषधवाले खाकरले.

"वहिनी, मंगळवारी मीसुद्धा... तसाच ठेवला फोन."

काकांनी आणखी आठ पायऱ्या मोजल्या.

"मी दोनदा," ते म्हणाले.