पाचशे तीन नंबरचा जावई

"आज बातम्यांत आमचा लोरिस येणार आहे," हे मिरेल्लानं दुपारपासून इतक्या लोकांना सांगितलं होतं, की खुद्द लोरिस सोडून सगळ्या गल्लीला आनंद झाला होता. संध्याकाळी साडेसातला तिसऱ्या चॅनेलवर प्रांताच्या बातम्या लागतात. त्यात आज गावातल्या कापेलेत्तीच्या जत्रेचं दाखवणार होते, आणि जत्रेत माईकवाल्या बाईनं नेमकं लोरिसलाच धरलं होतं.

"काय विचारलं रे तिनं तुला?" खुर्च्या मांडता मांडता मिरेल्लानं विचारलं.

"काही नाही गं. कशी आहे जत्रा, वगैरे."

"मग तू काय म्हणालास?"

"चांगली आहे म्हणालो."

म्हणाला भलतंच होता. आता पिएवे रोस्सा गावात कापेलेत्ती घरोघर होते. पिठाच्या इवल्याशा टोप्या, आत मांसाचं सारण, वरून कोंबडीचा ऊन ऊन रस्सा. सामान सगळ्यांकडे तेच, पण आपल्या घरची सोडून दुसरीकडची चांगली म्हणणं म्हणजे सरळ सरळ फितुरी. या गावानं दारुडे सांभाळून घेतलेत, उधळे सांभाळून घेतलेत, एक पळून गेलेला पाद्रीसुद्धा परत आला तेव्हा त्याला जेवू घातलंय. पण सासूच्या कापेलेत्तीला चारचौघांत नावं ठेवणारा माणूस गावानं अजून पाहिला नव्हता.

तो मान लोरिसनं मिळवला. जत्रेत लाल वाइनचे दोन पेले पोटात गेले होते, तिसरा हातात होता. माईकवाल्या बाईनं विचारलं, "गावात सगळ्यात चांगली कापेलेत्ती कोणाची?"

"फेर्नांदाबाईंची!" लोरिस छाती काढून म्हणाला. "जिभेवर ठेवली की गेली."

"आणि तुमच्या घरची?"

"ती सासूबाई करतात. चांगली असते हो. दात शाबूत असले तर."

कॅमेरावाला हसला. त्याच्यामागे उभे असलेले हसले. लोरिसही हसला. मग घरी येताना वाइन उतरली आणि त्याचं तोंडही उतरलं.

बायकोची त्याला भीती नव्हती. मिरेल्ला आरडाओरडा करेल, आठवडाभर अबोला धरेल, सोसता येण्यासारखं होतं ते. खरी धास्ती सासूबाईंची. इनेस रागावतील याची नाही, त्यांना लागेल याची. लोरिसचा कारखाना बंद पडला तेव्हा दीड वर्ष तो याच घरात, इनेसच्या घरात, बसून होता. त्या काळात इनेसनी एकदाही विचारलं नाही, "काम मिळालं का?" उलट दर रविवारी कापेलेत्तीचा पहिला वाडगा जावयापुढे यायचा, काठोकाठ. अशा बाईच्या दिवाणखान्यात, तिच्याच पोराबाळांसमोर, आज संध्याकाळी त्याचं तोंड भिंतीवरच्या टीव्हीतून बोलणार होतं.

"आज बाहेर जेवूया का?" त्यानं बायकोला विचारून पाहिलं.

"वेड लागलंय का तुला? तू टीव्हीवर येणार आणि आपण बाहेर?"

"मला जरा कसंतरी होतंय."

"होणारच. पहिलीच वेळ आहे तुझी."

मग त्यानं शेवटचा उपाय केला. मिरेल्ला खाली दार उघडायला गेली तेवढ्यात त्यानं टीव्हीच्या मागे हात घालून अँटेनाची वायर उपटली. पडद्यावर निळा चौकोन आला. 'सिग्नल नाही'. लोरिसनं आयुष्यात इतकं सुंदर वाक्य वाचलं नव्हतं.

समोरच्या ओदिला मावशी स्वतःची खुर्ची घेऊन आल्या होत्या, कारण दुसऱ्यांच्या खुर्च्यांवर त्यांची कंबर धरते. त्या निळ्या पडद्याकडे बघून म्हणाल्या, "अगं बाई, इतक्यात झालं पण?"

आणि मागोमाग आला ओरियानो, मिरेल्लाचा धाकटा भाऊ. बाथरूमच्या फरश्या विकायचा धंदा, पण जीव सगळा वायरींत. हा भिंतभर टीव्ही त्यानंच आईच्या पंचाहत्तरीला आणून टांगला होता. निळा पडदा बघून त्याचे डोळे लकाकले.

"दाजी, तुम्ही सरका बघू. हे तुमचं काम नाही."

"राहू दे रे, बिघडलाय वाटतं. जेवून घेऊ आधी."

"बिघडतोय कसा? मी आणलाय!" ओरियानो टीव्हीच्या मागे शिरला, आणि पटकन बाहेर आला. "वायर निघालीये. आपोआप कशी निघाली कोण जाणे."

चित्र परत आलं. लोरिस सोफ्यावर मटकन बसला. पण ओरियानोचं समाधान झालं नव्हतं. तो पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे असा बघत होता, की जणू तिथं झुरळ बसलंय.

"ताई, तीन? तीन नंबरवर बघता तुम्ही?"

"मग? तिसरं चॅनेल तीनवर नाही तर कितीवर असणार?"

"अगं, ते साधं! एचडी पाचशे तीनवर. सोप्पं आहे, नुसते पाचशे मिळवायचे. एकचं पाचशे एक, दोनचं पाचशे दोन. एवढा टीव्ही आणून दिला मी, आणि तुम्ही त्यावर धुक्यातून बघितल्यासारखं बघताय!"

"नंबर बदलून भलतंच काही लागलं म्हणजे?" ओदिला मावशींनी शंका काढली.

"मावशी, चॅनेल तेच, माणसं तीच, बातमी तीच. फक्त तोंड धुऊन येतात."

त्यानं रिमोटवर पाच, शून्य, तीन दाबलं. आणि खरंच, चित्र लखलखीत झालं. निवेदिकेच्या पापण्या मोजून घ्याव्यात. लोरिसनं नकळत हनुवटी पुसली. म्हणजे आता बोललेलं तर ऐकू येणारच होतं, वर बोलताना हनुवटीवर ओघळलेली वाइनही सगळ्यांना दिसणार होती.

"आई, ये गं!" मिरेल्लानं हाक मारली. "सुरू होतंय!"

"तुम्ही बघा," स्वयंपाकघरातून आवाज आला. "रस्सा उतू जाईल माझा."

बातम्या सुरू झाल्या. रोममध्ये बसवाल्यांचा संप. रोममध्ये कुठल्याशा पुलाची डागडुजी. मग रोमच्याच एका रस्त्यावर रानडुकरांचं कुटुंब कचऱ्याच्या डब्यांत निवांत जेवताना दाखवलं.

"बघ, बघ ताई! डुकराचा केस न् केस दिसतोय."

"डुक्कर राहू दे रे. माझा नवरा दाखव."

"येईल गं. आधी राजधानी, मग आपण. रीतच आहे ती."

लोरिस जीव मुठीत धरून बसला होता. रोममधल्या एका मंत्र्यानं फीत कापली. आता आपण. रोममध्ये एका शाळेचं छत गळलं. आता नक्की आपण. एवढ्यात समोरच्या बारमधून असा काही हशा उठला, की खिडकीच्या काचा थरथरल्या. पाठोपाठ कुणीतरी टेबल बडवलं, आणि कोणीतरी ओरडलं, "शाब्बास रे लोरिस!"

मिरेल्ला उठून उभी राहिली. "तिकडे दाखवलं वाटतं! मग इथं का नाही?"

"बारमध्ये साधं लावतात," ओरियानो शांतपणे म्हणाला. "एचडी जरा मागून येतं. चांगल्या गोष्टीला वेळ लागतोच."

"किती वेळ?"

"थोडे सेकंद."

थोडे सेकंद गेले. मग बरेच गेले. बारमधला हशा ओसरला तरी इथं आपली ती गळकी शाळाच चालू होती. तेवढ्यात फोन वाजला, आणि लोरिसनं त्यावर झेप घेतली. मिरेल्लाची आतेबहीण होती.

"अरे काय बोललास रे तू! आम्ही इकडे गडाबडा लोळतोय! मामी काय म्हणा—"

"हो, हो, सगळे मजेत," म्हणून लोरिसनं फोन ठेवला.

"कोण होतं?"

"राँग नंबर."

"राँग नंबरला मजेत म्हणून सांगतोस?"

लोरिस काही बोलायच्या आत पडद्यावर हवामान आलं. रोमला उद्या स्वच्छ ऊन पडणार होतं. निवेदिकेनं शुभ संध्याकाळ म्हटलं आणि बातम्या संपल्या.

"मग आपला प्रांत गेला कुठं?" ओदिला मावशींनी विचारलं.

ओरियानोनं तीन दाबलं. तिथं खोकल्याच्या औषधाची जाहिरात लागली होती. मग त्यानं खिशातला फोन काढून बराच वेळ काहीतरी वाचलं. वाचता वाचता त्याचे कान लाल होत गेले.

"ताई... म्हणजे असं आहे. प्रांताच्या बातम्या फक्त तीनवरच देतात. ज्याच्या त्याच्या प्रांताच्या. पाचशे तीनवर सगळ्या देशाला रोमच्याच."

"म्हणजे," मिरेल्ला एकेक शब्द चावून म्हणाली, "सबंध गावानं माझा नवरा पाहिला आणि मी डुकरं पाहिली?"

"पण कशी स्वच्छ दिसली!"

मिरेल्लानं सोफ्यावरची उशी उचलली. तिला अडवायला लोरिस मधे पडला. देवा रे देवा! त्याच्या छातीवरचा धोंडा असा उतरला होता, की त्याला मेव्हण्याला उचलून खोलीभर नाचवावंसं वाटत होतं. यापूर्वी त्याला ओरियानो कधी फारसा आवडला नव्हता. आज त्यानं त्याला कडकडून मिठी मारली.

"जाऊ दे गं, नको बोलूस बिचाऱ्याला. प्रेमानं केलं त्यानं. मी काय, रोजच दिसतो तुला." आणि त्याला एकदम कडकडून भूक लागली. "मी वाडगे घेऊन येतो!" म्हणत तो शीळ घालत स्वयंपाकघरात गेला.

इनेस शेगडीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. पातेलं उकळत होतं. आणि मिठाच्या बरणीशेजारी, फडताळावर, एक जुनाट पिटुकला टीव्ही खोकल्याच्या औषधाची जाहिरात दाखवत होता. लोरिसची शीळ ओठांवरच विरली.

"आई," तो कसाबसा म्हणाला. "हा... कितीवर आहे?"

"तीनवर. याला बाई मोठे आकडे झेपत नाहीत."

लोरिसनं डोळे मिटले. "आई, मी प्यायलो होतो. मला तसं म्हणायचं नव्हतं. तुम्ही माझ्यासाठी एवढं केलंत, आणि मी हा असा. शपथ सांगतो, दुपारपासून घास उतरला नाही माझ्या घशाखाली."

"दार लोटून घे," इनेस म्हणाल्या.

त्यानं दार लोटलं. इनेसनी गॅस बारीक केला, कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि ते दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. बोटांची पेरं सुजून गाठी झाल्या होत्या.

"दोन वर्षं झाली, लाटणं धरवत नाही मला. पोळी पातळ होतच नाही. जाडच राहते, आणि शिजली तरी दाताला लागते. मला कळत नाही का? पण तुम्ही सगळे आपले, 'वा आई, काय झालीये!' मिरेल्ला म्हणते वा, ओरियानो म्हणतो वा. मला वाटायला लागलं, माझी जीभ तरी गेली असेल, नाहीतर माझी पोरं तरी खोटारडी झाली असतील. आज कळलं बाई एकदाचं. जीभ शाबूत आहे माझी." त्यांनी खुर्ची ओढली आणि हुश्श करून बसल्या. "जीव भांड्यात पडला माझा."

लोरिसच्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आलं.

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. फेर्नांदाचं नाव घ्यायची काय गरज होती? नुसतं जाड होते म्हणायचं!"

"पण मिरेल्ला उद्या पाव आणायला गेली की बेकरीत कळेलच हो."

"कळू दे. मी सांगेन, मीच त्याला बोलायला लावलं." इनेस थोडा वेळ त्याच्याकडे निरखून बघत राहिल्या, विशेषतः त्याच्या मनगटांकडे. मग उठल्या, दार सताड उघडलं आणि दिवाणखान्यात आवाज दिला. "अगं मिरेल्ला, तुझं हुकलं गं, पण मी पाहिलं हो! काय छान बोलला तुझा नवरा!"

"पाहिलंस तू?" मिरेल्ला धावत आली, तिच्यामागून ओरियानो, त्याच्यामागून खुर्चीसकट ओदिला मावशी. "सांग ना, काय बोलला?"

लोरिसनं ओट्याची कड घट्ट धरली.

"म्हणाला, सासूबाईंचे हात दुखतात," इनेस म्हणाल्या. "तेव्हा यापुढे दर शनिवारी पहाटे उठून आमच्या घरची कापेलेत्ती मी लाटणार, असं म्हणाला."

मिरेल्लाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ओदिला मावशींनी कानशिलावर बोटं मोडली. ओरियानो म्हणाला, "दाजी! टीव्हीवर?"

"टीव्हीवर," इनेस म्हणाल्या आणि पहिला वाडगा काठोकाठ भरून जावयाच्या हातात दिला.

लोरिसनं एक टोपी तोंडात टाकली आणि चावत राहिला. बराच वेळ चावल्यावर ती गेली. मग सगळ्यांकडे बघून तो म्हणाला, "आता सबंध प्रांतासमोर बोललोय म्हटल्यावर..."