ढोमणेकाकांची बदली

आमच्या मनीषनगरच्या इमारतीतले ढोमणेकाका डावा हात खिशात घालून कीबोर्ड वाजवतात. काका माझ्या खालच्या मजल्यावर एकटेच राहतात. कळमेश्वरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. त्यामुळे खिशातला हात ही त्यांची ऐट आहे असंच आम्ही समजत होतो.

काकांना वेड जाझचं. मी जात्याच भित्रा, आणि त्यांचं वादन रोज संध्याकाळी माझी परीक्षा बघतं. गाणं आता 'सा'वर टेकणार असं वाटतं, तेवढ्यात असा काही कॉर्ड येतो, की अंधारात जिन्याची पायरी चुकावी तसं होतं. वानखेड्यांच्या चिमीच्या वाढदिवसाला त्यांनी साधं वाढदिवसाचं गाणं वाजवलं, तर पोरगी केक सोडून आईला बिलगली.

"भेतेस काहून वं? बदली केली फक्त," काका म्हणाले.

बदली हा त्यांचा लाडका शब्द. मला तो त्यांनी दहा वेळा समजावलाय. "हे पाय, प-नी-रे-म हे चार सूर एकदम दाबले का झाला एक कॉर्ड. समज, ह्या साहेबाची बदली झाली. त्याच्या जागी दुसरा साहेब आला. पण म आन् नी हे दोन बाबू जुनेच! म्हणून ऑफिस चालते."

"मग साहेब बदलला हे कळतं कसं?"

"तळाचा सूर सांगते. पयले प होता, आता कोमल रे."

मी मान डोलावायचो. कळायचं काहीच नाही.

मागच्या महिन्यात तीन दिवस खालून आवाजच आला नाही. मला नको नको ते विचार यायला लागले. शेवटी खाली गेलो. काका कीबोर्डसमोर बसले होते, आणि डावा हात खिशाबाहेर होता. तो मांडीवर पडून एकसारखा थरथरत होता. उजव्या हाताची दोन बोटं म आणि नी दाबून बसलेली.

"डावा वर्षभरापासून असाच आहे," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "उजव्यानं भागवत होतो. आता त्याचीबी दोनच बोटं ऐकून राहिली. तळाले सूर नसला तर कोणाले समजीन गा, हा कॉर्ड कोणता?"

"डॉक्टरला दाखवलं?"

"दाखवलं तर तो नाव सांगीन ना त्याचं." त्यांनी डावा हात परत खिशात सारला. "मले भेव लागते."

"मी येतो सोबत," असं मी बोलून बसलो.

दुसऱ्या दिवशी धरमपेठेतल्या दवाखान्यात आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो. आतून काकांचं नाव पुकारलं. काका उठेनात. त्यांचा डावा हात हळूच खिशातून निघाला आणि माझ्या हातात आला. गार पडला होता. उजव्याची दोन बोटं त्यांनी म आणि नी दाबावेत तशी गुडघ्यावर दाबली.

"तळाचा सूर दे गा."

मला सूर शाळेतही कधी लागला नव्हता. तरी सगळ्या पेशंटांसमोर मी डोळे मिटून काहीतरी 'हूं' केलं.

"चुकला का?"

काकांनी मान कलती करून ऐकलं.

"प मांगतला होता मी," ते म्हणाले. "राहू दे. बदली समजू."

आणि माझा हात न सोडता ते उठले.