काट्यावरचा मोबाईल

आमच्या शेजारच्या सोपानतात्यांकडे चहाला गेलात, तर टेकायच्या आधी तुम्हाला वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. काटा ओट्यावरच आहे. लोखंडी पाटाचा, पोती मोजायचा. एका भुसार दुकानदारानं मोडीत काढला तेव्हा तात्यांनी तो उचलून आणला. येताना वजन, जाताना वजन. दोन्हींची वजाबाकी करून तात्या आतल्या दाराकडे बघत ओरडतात, "अगं, पाव्हण्यानं पाऊण किलो उचललं! सैपाक पास!" नव्या पाहुण्याचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असतो. लग्न होऊन मी निरवांगीला आले, तेव्हा सत्यनारायणाच्या जेवणाला भर पंगतीत माझंही असंच वजन झालं होतं आणि आकडा सगळ्या वस्तीनं ऐकला होता. तात्यांवरचा तो राग मी अजून पुरता सोडलेला नाही.

तात्यांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या काट्यावर गेली. उसाची गाडी भरलेली आली की तिचं वजन करायचं, ऊस खाली करून ती रिकामी परत आली की पुन्हा करायचं. फरक राहिला तो ऊस. जन्मभर हेच केल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट तात्यांना गाडीसकट आलेली दिसते. पुढाऱ्याचं भाषण संपलं की म्हणतात, "आता ह्याचं रिकामं वजन काढा." लेकीला स्थळ आलं आणि मुलाकडच्यांनी बंगला, बागायत, नातीगोती सगळं सांगून झालं, तेव्हा तात्या शांतपणे म्हणाले, "ह्ये समदं उतरवा आन् पोरगं एकलंच आणा काट्यावर." पोरगं एकटं आलं, पास झालं, आणि तोच आज त्यांचा जावई आहे. कुणी घाई करायला लागलं की त्यांचं दुसरं वाक्य ठरलेलं, "काटा थिर होऊ द्या."

अशा माणसाशी संसार केला हिराकाकूंनी. तात्यांची ओळख जशी काट्यावरून, तशी काकूंची त्यांच्या हाकेवरून. दुपारी भाकरी झाली की काकू ओट्याच्या पायरीवर उभ्या राहून उसाच्या दिशेनं हाक मारायच्या, "अवोऽऽ!" नवऱ्याचं नाव घ्यायची त्यांची रीत नव्हती, त्यामुळे आसपासच्या रानांतले सगळेच नवरे माना वर करायचे. तेवढ्यात उसातून तात्यांचं उत्तर यायचं, "आलोऽऽ!" मग बाकीचे पुन्हा कामाला लागायचे. मी इथल्याच शाळेत शिकवते. आमची मधल्या सुट्टीची घंटा मागेपुढे व्हायची, काकूंची हाक कधी झाली नाही.

गेल्या वर्षी काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. घशातून आवाज निघतो, त्याचा शब्द होत नाही. डावा हात चालतो, पण बोटं थरथरतात. अंगठ्यात तेवढा जोर आहे.

तात्यांनी घर अंगावर घेतलं. भाकऱ्या थापायला शिकले, काकूंची वेणी घालायला शिकले. वेणी भाकरीपेक्षा बरी जमली. पण ऊस रानात उभा. पाण्याची पाळी आली की बांधावर जाऊन उभं राहायलाच हवं, आणि तेवढ्या वेळात काकूंना काही झालं तर कळणार कसं?

आधी त्यांनी खाटेला देवघरातली घंटा बांधली. ती वाजली की आम्ही धावायचो, तात्यांना पत्ताच नसायचा. मग बटणांचा छोटा फोन आणला. थरथरत्या बोटानं काकूंनी दाबला, तो कुणा अनोळखी गृहस्थांना लागला. ते बिचारे सज्जन, "कोण बोलतंय? काय अडचण आहे का?" म्हणून दिवसभर उलट फोन करत राहिले. शेवटी लेकीनं तिचा वापरातला मोठा फोन पाठवला. त्याच्या काचेवर काकूंचं बोट टिकेना. तात्यांना फोन लावायला जावं तर नातीच्या बारशाचे फोटो उघडायचे. त्या दिवशी काकूंनी फोन बाजूला सारला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. डॉक्टरांनी सांगितलेला हाताचा व्यायामही त्यांनी सोडून दिला.

"बाई," तात्या मला म्हणाले, "अजून एकदा फसलं, तर ती कशालाच हात लावायची न्हाय."

आणि मग तात्यांना त्या फोनच्या कडेचं बटण सापडलं. चांगलं उंच, अंगठ्याला नेमकं लागणारं. काकूंनी ते एका झटक्यात दाबलं. तात्यांचा चेहरा उजळला. पण फोनमधून एक बाई बोलली, "बोलिए, मैं आपकी क्या मदद कर सकती हूँ?"

"अं... अं..." काकू म्हणाल्या.

"माफ़ कीजिए, मैं समझी नहीं."

तात्या इतके संतापलेले मी कधी पाहिले नव्हते. "समजली न्हाय म्हणती! माझ्या घरात येऊन माझ्या बायकोला म्हणती समजली न्हाय! बाई, फोन आमचा, बटण आमचं, आन् त्याच्यावर ही बसली कोण?"

मी फोनमध्ये शोधलं. ते बटण कंपनीनं यंत्रातल्या त्या बोलघेवड्या बाईला देऊन टाकलं होतं आणि बदलायची सोयच ठेवलेली नव्हती. आणखी वाचल्यावर कळलं की कंपनीनं फोनच्या आत घातलेलं हे कुलूप काढता येतं. मग फोन मालकाचं सगळं ऐकतो, बटणालाही हवं ते काम लावता येतं. मात्र त्यात धोके पुष्कळ. मी तात्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या. तात्या एकदम ताठ बसले. काट्यावर घालण्याजोगा माल बऱ्याच दिवसांनी आला होता.

रविवारी ओट्यावर घोंगडी अंथरली. सुपारी फोडायच्या बैठकीला बसतात तसे आम्ही बसलो. तात्या, मी, माझे यजमान, आणि बारामतीचे मोबाईल दुरुस्तीवाले रियाजभाई फोनवरून. मधोमध पानाच्या तबकात नवरीमुलीसारखा तो मोबाईल ठेवला होता. काकूंची खाट दारातच ओढलेली होती.

"रियाजभाई, तोटं सांगा. हातचं राखू नका."

"तात्या, पहिली गोष्ट, वॉरंटी जाणार. दुसरी, कुलूप काढताना फोनातलं समदं पुसलं जातं. तिसरी, बँकेची ॲप असल्या फोनात चालायला का कू करत्यात. चौथी, कुलूप काढल्यालं घर हाय ते. भलतंसलतं काय घातलं, तर आत शिरायला चोराला सोपं. आन् पाचवी, काम करताना मधीच काय बिनसलं, तर फोनची वीट होती. भिंतीत बसवा नुसती."

"आन् फायदं?"

"शौकीन लोकांना लई फायदं हायती. कंपनीनं भरल्याला कचरा काढता येतो, जुन्या फोनात नवं काय काय घालता येतं. तुमाला काय, एक बटणच पायजे."

माझ्या यजमानांनी घसा साफ केला. त्यांना निकाल द्यायला फार आवडतं. "तात्या, सरळ हिशोब आहे. तोटे पाच, फायदा एक. नाद सोडा."

तात्यांनी त्यांच्याकडे अशा करुणेनं पाहिलं की मलाच वाईट वाटलं. "गुरुजी," ते म्हणाले (आमचे हे दूध डेअरीत आहेत, पण माझ्यामुळे त्यांना गुरुजी व्हावं लागतं), "खेपा मोजून ऊस ठरतो व्हय? वजन बघा की. आन् आधी रिकामं वजन काढा. वॉरंटी संपून वरीस झालं, ती उतरवा खाली. पुसलं जाणार ते फोटो. ते बाई आधी त्यांच्या लॅपटॉपात भरून ठेवतील. उतरवा. बँक हिच्या फोनात न्हाईच, माझ्यात हाय. माझ्या फोनच्या कुलपाला मी हात लावू द्यायचा न्हाय, बँक हितं आन् बटण तितं. चोर म्हणाल, तर हिच्या फोनात आपुन दुसरं कायबी घालायचं न्हाय. तरी शिरलाच, तर त्याला काय घावंल? मावशीचं गुड मॉर्निंग!"

"आणि वीट?" मी विचारलं.

तात्यांनी खाटेकडे बघितलं. "ती खरी वजनाची हाय, बाई. ती उतरत न्हाय." मग ते उठून खाटेपाशी गेले. "अगं, समदं ऐकलंस न्हवं? जमलं तर बटण तुझं. न्हाय जमलं तर फोन ग्येला. काय करू?"

काकू बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग डावा हात खाटेवरून उचलला आणि अंगठा हवेत दोनदा दाबून दाखवला.

"पास!" तात्या ओरडले.

कंपनीनंही सहजासहजी कुलूप काढू दिलं नाही. अर्ज करा, मग आठवडाभर थांबा, असा तिचा नियम. तात्यांना त्याचं काही वाटलं नाही. उसाच्या गाड्या कारखान्यावर रांगेत उभ्या राहतात, तसा फोन नंबराला लागला म्हणाले. त्या आठवड्यात मी फोटो उतरवून घेतले, दोनदा तपासले, आणि पुढच्या रविवारी यजमानांना काकूंपाशी बसवून तात्यांबरोबर एसटीनं बारामतीला गेले. निघताना तात्यांनी किराणा दुकानातल्या काट्यावर मोबाईलचं वजन करून घेतलं. का, ते विचारायची सोय नव्हती.

रियाजभाईंनी फोन वायरीनं संगणकाला जोडला. काचेवर इंग्रजीत लांबलचक इशारा आला. मी तो मराठीत सांगितला. तात्यांनी ऐकून घेतला आणि सातबारावर अंगठा उठवावा तसं बटण दाबलं. काच काळी झाली.

"आता वायर हालली, की वीट," रियाजभाई कुजबुजले.

तात्या उठून दुकानाच्या दारात आडवे उभे राहिले. काचेवर चिकटवायची फिल्म घ्यायला एक गृहस्थ आले. तात्यांनी दोन्ही हात पसरले. "थांबा! गाडी काट्यावर हाय. काटा थिर होऊ द्या." गृहस्थ घाबरून फुटपाथवर थांबले. त्यांच्यामागे आणखी दोघं आली, तीही थांबली. काय चाललंय ते कुणालाच माहीत नव्हतं, पण सगळे दबक्या आवाजात बोलत होते. आत बसलेल्या मला डोळ्यांपुढे फक्त भिंतीकडे तोंड केलेल्या काकू दिसत होत्या.

काच उजळली. कंपनीचं नाव आलं, त्याखाली एक ओळ.

"काय म्हणतंय?" तात्या दारातूनच म्हणाले.

"म्हणतंय, या फोनचं कुलूप काढलेलं आहे, याच्यावर विश्वास ठेवता येणार नाही."

"नसू दे त्याचा इस्वास. जित्ता हाय न्हवं?"

"जिवंत आहे, तात्या!"

फुटपाथवरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते त्यांनी नंतर विचारलं. मग रियाजभाईंनी बटणावरून त्या बाईला उठवलं आणि काम लावून दिलं. दाबलं की तात्यांना फोन, परत दाबलं की बंद. तात्यांनी शेजारच्या सोनाराकडे जाऊन फोनचं पुन्हा वजन केलं आणि हसत परत आले. "येवढं समदं पुसलं, तरी तितकंच भरलं! म्हंजे आत होती ती निस्ती हवाच."

वस्तीवर पोचलो तेव्हा ओटा माणसांनी भरला होता. तात्यांनी फोन काकूंच्या डाव्या हाताशी, खाटेच्या कडेला कापडी पट्टीनं बांधला आणि अंगणाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. काकूंनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. अंगठा ठेवला. दाबला. तात्यांच्या खिशात फोन वाजला.

जो आरडाओरडा झाला, तो आमच्या सरपंचांच्या विजयालाही झाला नव्हता. काकूंनी पुन्हा दाबलं, फोन थांबला. पुन्हा दाबलं, वाजला. अर्ध्या चेहऱ्यानं का होईना, पण त्या हसत होत्या आणि थांबत नव्हत्या. तात्यांनी पेढे वाटले आणि आलेल्या प्रत्येकाला काट्यावर उभं केलं. मीसुद्धा गेले. आकडा यावेळीही मोठ्यानं सांगितला गेला. त्या दिवशी मीही हसले. दुसऱ्या दिवसापासून काकूंनी हाताचा व्यायाम पुन्हा सुरू केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर, मी त्यांच्या बांधावरून घरी चालले होते. तात्या पाण्यात उभे राहून फावड्यानं सरीला वाट करून देत होते. त्यांच्या खिशातला फोन वाजला.

"तात्या, काकूंचा! उचला की!"

त्यांनी फोन बाहेर काढला, हातात धरला आणि नुसते ऐकत उभे राहिले. "काय झाल्यालं न्हाय, बाई. ऊन डोक्यावर आलंय. जेवायची येळ हाय."

"अहो, पण उचलत का नाही?"

"उचलला तर थांबंल न्हवं." फोन वाजत होता. तात्या त्याच्याकडेच बघत होते. "त्या दिशी तुमच्याम्होरं समदं काट्यावर घातलं. एक तेवढं घातलं न्हाय, लाज वाटली. हिला काय झालं तर कळावं, ही गोष्ट खरीच. पर ती पडल्यापासनं रानात मला हाक मारणारं कुणी न्हवतं, बाई. तात्या म्हणणारी गावभर हायती. अवो म्हणणारी येकच."

डोळे भरून आले ते मी लपवलेही नाहीत.

तात्यांनी फावडं बांधावर ठेवलं, घराकडे तोंड केलं आणि छाती भरून ओरडले, "आलोऽऽ!"

पलीकडच्या रानांतून दोनचार माना सवयीनं वर आल्या आणि पुन्हा खाली गेल्या. तात्यांच्या हातातला फोन वाजायचा थांबला.